एका जनुकाचे देणे

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘खाण तशी माती’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. आईबापांचे रंगरूप, चण, चालण्याबोलण्याची ढब मुलांत उतरते, हा नित्याचा अनुभव तिच्यात साठविलेला आहे. परंतु या म्हणीला न जुमानणारी घरेही असतात. आई धडधाकट, बाप शेतात दिवसभर राबणारा; आणि त्यांच्या पोटी आलेले मूल मात्र सहा-आठ महिन्यांचे होते न होते तोच फिकट पडू लागते. त्याच्या हातापायांना सूज येते, डोळे पिवळसर दिसतात, वेदनेने ते रात्र रात्र रडते. अशा घरी मग कारणांचा शोध सुरू होतो. कोणी देवाचा कोप म्हणतो, कोणी करणी म्हणतो. आणि बहुधा अखेरीस सारा दोष सुनेच्या पदरात टाकला जातो.

वास्तविक या दुःखाचे कारण देवाच्या कोपात नाही, की एकट्या आईच्या कुशीतही नाही. ते एका साध्या हिशेबात आहे. हा हिशेब दीडशे वर्षांपूर्वी मांडला गेला. तो इतका सोपा आहे की सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यालाही तो समजावा. आणि तो गावोगाव समजला, तर कित्येक घरांतील अश्रू आणि कित्येक सुनांवरील आळ टळू शकेल.

वाटाण्याच्या वाफ्यातील हिशेब

आज चेक प्रजासत्ताकात असलेले ब्रनो हे शहर त्या काळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. तेथील मठात ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने १८५६ पासून सुमारे आठ वर्षे वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग केले. गोल दाण्याच्या व सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्यांचा त्याने संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीतील सारे दाणे गोल निघाले. सुरकुती जणू नाहीशीच झाली. परंतु तेच दाणे पेरून स्वपरागणाने पुढची पिढी घेतली, तेव्हा ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० दाणे सुरकुतलेले मिळाले. म्हणजे तीन गोल दाण्यांमागे जवळजवळ एक सुरकुतलेला. नाहीसा झालेला गुण एक पिढी दडून राहिला होता, इतकेच.

यावरून मेंडेलने जे अनुमान काढले त्यात आनुवंशिकतेचे सार आहे. प्रत्येक गुणासाठी प्राण्याकडे वा वनस्पतीकडे दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. पुढच्या पिढीला देताना मात्र त्यांतील एकच प्रत दिली जाते, आणि ती कोणती हे केवळ योगायोगाने ठरते. काही प्रती एकट्या असल्या तरी आपला प्रभाव दाखवितात. काही जोडीला दुसरी तशीच प्रत मिळेपर्यंत गुप्त राहतात. या प्रतींनाच आज जनुके म्हणतात.

हे विवेचन मेंडेलने १८६५ मध्ये विद्वानांपुढे वाचले आणि १८६६ मध्ये ते छापले गेले. त्याची दखल फारशी कोणी घेतली नाही. १८८४ मध्ये मेंडेल निवर्तला आणि १९०० मध्ये त्याच्या नियमांचा पुन्हा शोध लागला. पुढच्या दोनच वर्षांत इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन याने कोंबड्यांच्या तुऱ्याचा आकार याच नियमाने उतरतो हे दाखविले. लंडनचे वैद्य आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी लघवी काळी पडणाऱ्या एका दुर्मिळ विकाराची घराणी तपासून माणसालाही हाच नियम लागू आहे, हे १९०२ मध्ये मांडले. वाटाणा, कोंबडी आणि माणूस एकाच कायद्याखाली आले.

हा कायदा चालतो कसा, हे पुढे उलगडले. पेशीच्या केंद्रात डीएनएचे लांबलचक धागे असतात. त्यांवर चारच अक्षरांच्या लिपीत शरीरातील प्रथिने घडविण्याच्या सूचना लिहिलेल्या असतात. एक जनुक म्हणजे अशी एक सूचना. ती उतरविताना एखादे अक्षर बदलले, तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. क्वचित एका अक्षराने सारे चित्र पालटते. अशी दोन उदाहरणे महाराष्ट्राच्या अगदी जवळची आहेत. एक मेंढीचे आणि दुसरे माणसाचे.

फलटणची मेंढी

दख्खनी मेंढी ही पठारावरील धनगर कुटुंबांचा आधार. दुष्काळ, उन्हातान्हातील लांबची चाल आणि रानातील तुटपुंजा चारा हे सारे ती सोसते. परंतु एका वेतास साधारणतः एकच कोकरू देते. याउलट पश्चिम बंगालमधील सुंदरबनच्या दलदलीत वाढणारी गरोळे ही मेंढी चणीने अगदी लहान, पण जुळी-तिळी देणारी. बी. व्ही. निंबकर यांनी स्थापन केलेल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात एक प्रश्न हाती घेतला. दख्खनी मेंढीचा काटकपणा कायम ठेवून गरोळेचा हा एकच गुण तिच्यात आणता येईल काय? डॉ. चंदा निंबकर व त्यांचे सहकारी यांनी हे काम तडीस नेले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे त्यांना सहकार्य लाभले.

हे शक्य झाले, कारण अनेक कोकरांचा हा गुण मुख्यतः एका जनुकावर अवलंबून आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘फेकबी’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातील बूरूला नावाच्या मेंढ्यांतही तो आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून तिकडे गेलेल्या मेंढ्यांबरोबर तो पोहोचला असावा, असे मानले जाते. २००१ मध्ये त्याचे मूळ सापडले. एका प्रथिनाच्या साखळीत २४९ व्या जागी एक घटक बदललेला होता आणि त्याच्या मुळाशी डीएनएमधील एका अक्षराचा फरक होता. त्या फरकामुळे मेंढीच्या बीजकोशातून एका वेळी अधिक बीजांडे पक्व होऊन बाहेर पडतात.

आता मेंडेलचा हिशेब पाहावा. गरोळे मेंढा आणि दख्खनी मेंढी यांच्या संकरातून झालेल्या कोकराला या जनुकाची एक प्रत मिळते. असे प्राणी पुन्हा दख्खनी कळपात मिसळले की त्यांची निम्मी पिल्ले ती प्रत घेऊन जन्मतात, निम्मी तिच्याविना. प्रत्येक पिढीत प्रत असलेली पिल्ले निवडून पुन्हा दख्खनी जनावराशी जुळविली की गरोळेची लहान चण मागे पडत जाते आणि तेवढे एक जनुक पुढे येत राहते. यात अडचण होती ती मेंढ्याची. मेंढा काही वीत नाही. तेव्हा जनुक त्याच्याकडे आहे की नाही, हे त्याच्याकडे पाहून कळणार कसे? रक्ताच्या नमुन्यावरील डीएनए चाचणीने ही अडचण दूर केली. गुण अंगी दिसत नाही, तरी तो वाहून नेला जातो, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे माणसाच्या बाबतीत तीच निर्णायक ठरते.

या प्रयत्नातून ‘सुवर्णा’ हा मेंढ्यांचा वाण उभा राहिला. त्यातील मेंढ्यांना जुळी होण्याचे प्रमाण लक्षणीय आहे. तथापि या कामाने आणखीही एक धडा दिला. जुळी कोकरे जन्माला घालणे जनुकाच्या हाती. ती जगविणे मेंढपाळाच्या हाती. मेंढीला गाभणपणी पुरेसा चारा आणि व्यायल्यावर कोकरांकडे लक्ष नसेल, तर दुसरे कोकरू लाभाऐवजी ओझे होते. जनुक पाया घालून देते. इमारत परिस्थितीने आणि निगेने उभी राहते.

विळ्याच्या आकाराची पेशी

मेंढीत एका अक्षराने समृद्धी आणली. माणसाच्या रक्तात अशाच एका अक्षराने दुःख आणले. १९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. या विकाराला सिकलसेल हे नाव मिळाले ते विळ्याच्या इंग्रजी नावावरून. १९४९ मध्ये जेम्स नील यांनी दाखवून दिले की रुग्णाच्या आई व वडील या दोघांकडेही या जनुकाची एकेक प्रत असते. त्याच वर्षी लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे सिद्ध केले. काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रम यांनी तो नेमका कोठे आहे हेही शोधले. १४६ घटकांच्या साखळीत सहाव्या जागी एक घटक बदललेला होता. बाकीचे १४५ जागच्या जागी होते.

एवढ्या बदलामुळे प्राणवायू सोडून दिल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून ताठ काड्या बनतात आणि मऊ, गोल पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. अशी पेशी दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी पडते आणि डोळे पिवळे दिसतात. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडांत व सांध्यांत असह्य कळा येतात. नवजात बालकाच्या रक्तात पहिले काही महिने वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते. त्यामुळे ही लक्षणे जन्मतःच न दिसता सहा महिन्यांनंतर दिसू लागतात. ‘चांगले होते, मग दृष्ट लागली’ असे घरच्यांना वाटते, त्याचे कारण हे.

भारतात हे जनुक १९५२ मध्ये प्रथम आढळले, ते निलगिरीच्या आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्ये. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि नंदुरबार, धुळे, पालघर अशा जिल्ह्यांत ते विशेष आढळते. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया आदी जमातींत त्याचे प्रमाण अधिक असले, तरी विदर्भातील कित्येक बिगर-आदिवासी समाजांतही ते आहे. म्हणून हा अमुक एका जातीचा रोग, असे म्हणणे चुकीचे आहे आणि अन्यायाचेही.

दोन वाट्या आणि चवळीचे चार दाणे

फेकबी जनुकाची एक प्रतही आपला गुण दाखविते. सिकलसेलचे तसे नाही. ज्याच्याकडे त्याची एकच प्रत आहे, तो सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. त्याला वाहक म्हणतात. दोन्ही प्रती सदोष असल्या तरच माणूस रुग्ण होतो.

शिक्षकांना हा हिशेब वर्गात सहज दाखविता येईल. दोन वाट्या घ्याव्यात; एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत चवळीचा एक पांढरा व एक तांबडा दाणा टाकावा. विद्यार्थ्याने डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक दाणा उचलावा, जोडी फळ्यावर लिहावी आणि दाणे परत ठेवावेत. शंभर वेळा असे केले की साधारणतः पंचवीस वेळा दोन्ही पांढरे, पन्नास वेळा एक पांढरा व एक तांबडा आणि पंचवीस वेळा दोन्ही तांबडे येतील. दोन वाहकांच्या संसाराचे गणित हेच. प्रत्येक गर्भाला रोग होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण मुक्त राहण्याची चारात एक.

येथे एक गैरसमज फार महागात पडतो. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणजे ‘चारातले एक होऊन गेले, आता पुढची तीन चांगली’ असे अनेक घरांत समजले जाते. परंतु वाटीला मागच्या वेळेची आठवण नसते. प्रत्येक वेळी दाणा नव्याने उचलला जातो. एखाद्या घरी तीनही मुले निरोगी निघतील, एखाद्या घरी दोन्ही रुग्ण होतील. आणि दोन्ही घरांतील आईबापांचे पुण्य वा पाप त्यात कणभरही नसेल.

या वाट्यांतून आणखी दोन गोष्टी स्पष्ट होतात. तांबड्या दाण्यांची जोडी जमण्यासाठी एक दाणा आईच्या वाटीतून यावा लागतो, तसा एक बापाच्या वाटीतूनही यावाच लागतो. तेव्हा रुग्ण बालकाचा दोष एकट्या आईवर टाकणे हे माणुसकीला सोडून आहेच. गणितालाही सोडून आहे. दुसरे असे की, वाहकाचा विवाह हे जनुक मुळीच नसलेल्या व्यक्तीशी झाला, तर त्यांचे एकही मूल या रोगाचे रुग्ण होणार नाही. प्रत्येक मुलाला वाहकपण येण्याची शक्यता तेवढी दोनात एक राहील. वाहकाने अविवाहित राहावे, असे विज्ञान मुळीच सांगत नाही.

सदोष म्हटलेले हे जनुक इतक्या पिढ्या टिकले कसे, असाही प्रश्न विचारला जातो. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून त्याचे उत्तर दिले. एक प्रत असलेल्या मुलांना घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे हिवतापाचे थैमान होते तेथे वाहक वाचले, आणि त्यांच्याबरोबर जनुकही वाचले. जंगलपट्ट्यातील ज्या पूर्वजांनी हिवतापाशी झुंज दिली, त्यांचा हा वारसा आहे. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही.

कळपाचा न्याय माणसाला नाही

मेंढपाळ हवे ते जनुक निवडतो, नको ते वगळतो. हाच न्याय माणसांना लावण्याचा मोह शासनाला आणि समाजाला होऊ शकतो, आणि तो धोक्याचा आहे. १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतील अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी सिकलसेलची तपासणी सक्तीची केली. वाहक आणि रुग्ण यांतील फरक लोकांना नीट समजावून दिला गेला नव्हता. परिणामी निरोगी वाहकांनाही नोकरी व विमा नाकारला गेल्याची उदाहरणे घडली. तेथील हवाई दलाच्या प्रबोधिनीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. १९७२ च्या संघराज्याच्या कायद्याने तपासणी ऐच्छिक असावी, हे तत्त्व स्वीकारले. ज्ञानावाचून केलेली तपासणी माणसावर शिक्का मारते, हा त्या अनुभवाचा बोध.

दुसरी मर्यादाही सांगितली पाहिजे. एका जनुकावर ठरणारे गुण थोडे असतात. गाईचे दूध, पिकाचा उतारा, माणसाची उंची, कातडीचा रंग ही अनेक जनुकांची आणि त्याबरोबर चारा, अन्न, पाणी व परिस्थिती यांची एकत्र निपज असते. बुद्धीचे तर विचारायलाच नको. तेव्हा ‘रक्तातच आहे’ असे म्हणून एखाद्या मुलाला, एखाद्या पाड्याला वा एखाद्या समाजाला निकालात काढणे, याला आनुवंशिकताशास्त्राचा कोणताही आधार नाही.

गावाच्या हाती काय आहे?

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या रोगाचे निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. असे अभियान कागदावरून घराघरांत नेण्याचे काम गावातील माणसांचेच असते.

रक्ताच्या थेंबावरील प्राथमिक चाचणीत द्रव गढूळ झाला, तर जनुक आहे एवढेच कळते; व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. त्यासाठी पुढची तपासणी आवश्यक असते. पहिल्या चाचणीवरून कोणाला रुग्ण ठरविणे म्हणजे अर्ध्या पुराव्यावर निकाल देणे होय. तपासणीचा निष्कर्ष ही त्या व्यक्तीची खाजगी बाब आहे. तो चावडीवर वाचला जाऊ नये, शाळेच्या फळ्यावर लिहिला जाऊ नये. विवाह ठरण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी आपण होऊन तपासणी करून घ्यावी, असे वळण गावात पडले, तर ते कोणत्याही सक्तीपेक्षा मोठे काम करील. दोन वाहकांचा विवाह झालेला असल्यास त्यांना गर्भाच्या तपासणीचा मार्ग आहे. १९९४ च्या ज्या कायद्याने गर्भलिंगनिदानास बंदी घातली, त्याच कायद्याने नोंदणीकृत केंद्रांत हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांचे निदान करण्यास मुभा ठेवली आहे. निर्णय अर्थातच त्या जोडप्याचा.

जे रुग्ण आहेत त्यांच्यासाठीही पुष्कळ करता येते. फॉलिक आम्लाच्या गोळ्या, वेळच्या वेळी लसी, जंतुसंसर्गावर तातडीचा उपचार आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया हे औषध यांनी वेदनांचे प्रसंग कमी होतात. पाणी कमी पडणे, कडाक्याची थंडी, ताप आणि अतिश्रम यांमुळे पेशी वाकण्यास चालना मिळते. म्हणून शिक्षकाने अशा मुलाला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी. त्याच्या मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवता येत नसल्याने त्याला वारंवार बाहेर जावे लागते; त्याबद्दल त्याला रागावू नये. कवायतीत दमून बसलेले मूल आळशी नसते. महिन्यातून चार दिवस गैरहजर राहणारे मूल उनाड असेलच असे नाही. हजेरीपटावरील त्या रिकाम्या चौकोनांमागे कदाचित विळ्याच्या आकाराच्या पेशी असतील.

अधिकाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी आलेला तरुण वरवर धडधाकट दिसतो, म्हणून त्याला परत पाठविणे योग्य नाही. या रोगाची खूण चेहऱ्यावर नसते. ती रक्तात असते.

रोगावर मुळातून उपाय करण्याचे प्रयत्नही पुढे सरकत आहेत. अस्थिमज्जेच्या रोपणाने काही रुग्ण पूर्ण बरे झाले आहेत. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका या देशांनी रुग्णाच्याच पेशींतील जनुकीय सूचनेत बदल करणाऱ्या उपचाराला मान्यता दिली. हा उपचार अत्यंत खर्चिक आहे. तो पाड्यावरच्या मुलापर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचेल. पाण्याची बाटली, वेळेवर मिळणारी गोळी आणि लग्नापूर्वीची तपासणी यांना मात्र तोवर थांबण्याचे कारण नाही.

जनुकाला जात कळत नाही, श्रीमंती कळत नाही, मुलगा-मुलगीही कळत नाही. ते फक्त दोन वाट्यांतून उचललेल्या दाण्यांचा हिशेब पाळते. दाणा कोणता येईल हे कोणाच्याच हाती नाही. वाटीत काय आहे ते आधी पाहून घेणे, आणि जो दाणा आला त्याच्यासह त्या मुलाला जवळ करणे, या दोन्ही गोष्टी मात्र माणसाच्या हाती आहेत. गावातील एका सासूने सुनेवरचा आळ मागे घेतला आणि तिच्याबरोबर स्वतःच्या मुलालाही तपासणीला पाठविले, तरी मेंडेलच्या वाफ्यातील तो जुना हिशेब गावात पोहोचला, असे समजावे.